ट्रॅक्टरचे इंजिन अडखळू लागले तर : खोलण्यापूर्वीची तपासणी

(शेतकरी मेळाव्यातील कृषी यंत्रे व शक्ती या सत्रात दिलेले व्याख्यान)



मृगाच्या तोंडावर ट्रॅक्टर बाहेर काढावा, कळ फिरवावी आणि इंजिन एका तालात चालण्याऐवजी लंगड्या बैलासारखे ठेचकाळत चालावे, हा अनुभव आपल्यापैकी बऱ्याच जणांचा आहे. सायलेन्सरमधून फट्-फट् आवाज येतो, मध्येच एक ठोका चुकतो, बॉनेट थरथरते, आणि वखराला जोडला की ओढ लागत नाही. मिस्त्री येतो, दोन मिनिटे कान देतो आणि सांगतो, "इंजिन खोलावे लागेल, बोअर झाले आहे." इंजिन खोलणे म्हणजे पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंग यांचा खर्च, आणि ऐन पेरणीत आठ-पंधरा दिवस ट्रॅक्टर उभा. वाफसा काही आपल्यासाठी थांबत नाही.

मिस्त्री खोटे बोलतो असे माझे म्हणणे नाही. बरेच मिस्त्री जाणकार असतात. पण इंजिन अडखळण्याची कारणे पुष्कळ आहेत आणि त्यांतील मोजकीच इंजिन खोलल्याशिवाय दुरुस्त होत नाहीत. बाकीची कारणे दोन पाने, एक फीलर गेज आणि तासाभराचा वेळ असेल तर शेतातच सापडतात. ती कोणत्या क्रमाने शोधावीत, एवढाच आजचा विषय आहे. मी मुख्यतः साध्या फ्युएल पंपाच्या तीन सिलिंडरी ट्रॅक्टरबद्दल बोलणार आहे. नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांची गोष्ट वेगळी असून तिच्याबद्दल शेवटी सांगेन. त्या इंजिनांवर आजची एक चाचणी मुळीच करावयाची नाही.

प्रथम इंजिन चालते कसे ते थोडक्यात पाहू. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवेला तिच्या मूळ जागेच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबतो. सायकलचा पंप मारताना त्याचे तोंड तापते तसाच हा प्रकार, पण येथे हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा अतिशय बारीक फवारा मारते आणि तो आपोआप पेटतो. जर्मनीत ऑग्सबर्ग येथे १८९७ साली रुडॉल्फ डिझेल यांनी पहिले यशस्वी इंजिन चालवून दाखविले, त्यामागचे तत्त्व हेच होते. म्हणजे पुरेशी हवा, तिचा पुरेसा दाब, बारीक फवारा आणि फवाऱ्याची अचूक वेळ अशा चार गोष्टी जमल्या की ठोका बसतो. एखाद्या सिलिंडरमध्ये यांपैकी एक जरी बिघडली तरी तो ठोका चुकतो.

मिनिटाला ७०० फेऱ्यांवर इंजिन मंद चालत असेल तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ३५० वेळा पेटतो. तीन सिलिंडरचे मिळून १०५० ठोके होतात. एक सिलिंडर बंद पडला की दर तिसरा ठोका गळतो आणि ही उणीव कानाला ठरावीक अंतराने जाणवते. मेलेल्या सिलिंडरला उरलेले दोघे ओढत राहतात, त्यामुळे ताकद एक तृतीयांशाहूनही अधिक घटते.

यावरून तपासणीचा पहिला प्रश्न निघतो. दोष एका सिलिंडरचा आहे की तिन्हींचा? ठोका नेमाने चुकत असेल तर बहुधा एकाच सिलिंडरमध्ये दोष असतो. इंजिन कधी चांगले, कधी वाईट, मध्येच रेस वाढते, मध्येच पडते, असे अनियमित चालत असेल तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या जागी, म्हणजे टाकी, नळ्या, फिल्टर, फीड पंप किंवा गव्हर्नर यांत शोधावा. हा एक भेद ध्यानात घेतला तर निम्मी शोधाशोध वाचते.

दुसरा प्रश्न, हे कधीपासून सुरू झाले? या प्रश्नाला आपण फार कमी महत्त्व देतो. डिझेल फिल्टर बदलल्यापासून किंवा टाकी कोरडी पडल्यापासून असेल तर इंजिनाने हवा धरली असावी. बॅरलमधले डिझेल भरल्यापासून असेल तर पाण्याचा संशय घ्यावा. नोझल दुरुस्त करून बसविल्यापासून असेल तर नोझलची बैठक पाहावी. पंप उतरवून परत बसविल्यापासून असेल तर टायमिंग पाहावे. एरवी टायमिंग सहसा आपोआप हलत नाही, त्यामुळे कोणी उगाच पंप फिरवून पाहू लागला तर त्याला तसे करू देऊ नये. आणि यांतले काहीच झालेले नसून दोन-तीन हंगामांत दोष हळूहळू वाढत आला असेल, तर झीज झाली आहे असे मानावयास जागा आहे.

आता धूर पाहावा. इंजिन थंड असताना थोडा पांढरा धूर येणे स्वाभाविक आहे. ते तापल्यावरही पांढरा धूर राहत असेल, डोळे चुरचुरत असतील आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल न जळताच बाहेर पडत आहे. पांढरेपणा वाफेसारखा चटकन विरून जात असेल आणि रेडिएटरचे पाणी रोज कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये जात आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त होत आहे. काळ्या धुरासाठी सर्वप्रथम एअर क्लीनर उघडावा. मळणीच्या दिवसांत, भुसा उडत असताना, त्याची वाटी रोज पाहिली पाहिजे. ऑइल बाथ वाटीत तेल खुणेइतकेच भरावे. जास्त तेल भरले तर इंजिन ते ओढून घेते आणि त्या तेलावरच बेफाम पळू लागते. मग स्टॉप ओढूनही ते थांबत नाही. तुंबलेल्या एअर क्लीनरने तिन्ही सिलिंडर सारखेच गुदमरतात हेही ध्यानात असू द्यावे. एकच ठोका चुकत असेल तर त्याचे कारण एअर क्लीनर नव्हे.

धुराबरोबर डिपस्टिकही काढून पाहावी. तेल ताकासारखे दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे. तेलाची पातळी आपोआप वाढली असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर पंपाकडून डिझेल तेलात उतरत आहे. या दोन्ही वेळी इंजिन लगेच बंद करावे. पातळ झालेले तेल बेअरिंग वाचवू शकत नाही.

इंजिन अनियमित चालत असेल तर आता हवेचा विचार करू. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते. म्हणून या भागात जोड सैल असला किंवा रबरी नळीला चीर असली तरी बाहेर डिझेल गळताना दिसत नाही. हवा मात्र आत शिरते. "कुठेच गळत नाही, मग हवा कशी येईल?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर हेच.

हवा काढताना टाकीकडून सुरुवात करावी. पहिल्या फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून फीड पंपाची हातदांडी मारावी. बुडबुडे थांबून डिझेल अखंड वाहू लागले की स्क्रू आवळावा. मग दुसरा फिल्टर, मग फ्युएल पंप, आणि शेवटी गरज वाटल्यास नोझलकडचे नट सैल करून स्टार्टर मारावा. एकदा हवा काढल्यावर इंजिन कायमचे नीट चालले तर काम झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच होत असेल तर कोठून तरी हवा शिरते आहे. ती जागा शोधण्याची एक युक्ती आहे. स्वच्छ डब्यात गाळलेले डिझेल घेऊन डबा टाकीच्या उंचीवर घट्ट बांधावा आणि नव्या नळीने ते थेट फीड पंपाला द्यावे. इंजिन सुरळीत चालले तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये आहे. तरीही अडखळले तर पुढे आहे. डबा गरम सायलेन्सरपासून दूर असावा, हे सांगावयास नको.

इंजिन अर्धा-पाऊण तास छान चालून मग मरू लागते आणि थोडे थांबले की पुन्हा चालू होते, असाही प्रकार असतो. अशा वेळी टाकीचे झाकण सैल करून पाहावे. 'सुस्स' असा आवाज होऊन इंजिन पूर्ववत झाले तर झाकणाचे हवेचे भोक बंद आहे. चिखल, वंगण किंवा कुंभारीण माशीचे मातीचे घर, काहीही असू शकते. उभ्या ट्रॅक्टरवर ही माशी नेमके असेच भोक निवडते.

डिझेलमधल्या पाण्याची परीक्षा तर फारच सोपी आहे. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि रात्रभर ठेवावे. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने पाणी तळाशी बसते. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवली की रात्रीच्या गारव्याने आतल्या बाजूला दव धरते. म्हणून टाकी सकाळी न भरता संध्याकाळी काम संपल्यावर भरावी. पाणी फवाऱ्याचे काम तर बिघडवतेच, पण पंपाच्या एलिमेंटलाही गंज चढवते, आणि तो खर्च नोझलपेक्षा कितीतरी मोठा असतो.

आता नेमाने चुकणाऱ्या ठोक्याकडे वळू. येथे दोषी सिलिंडर ओळखणे हे खरे काम आहे. इंजिन थंड असताना सुरू करावे आणि मिनिटभराने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्यावर पाण्याचे दोन-दोन थेंब टाकावेत. ज्या फाट्यावर थेंब उशिरा सुकतात तो सिलिंडर संशयित. हाताने चाचपू नये. चालू सिलिंडरचा फाटा पाहता पाहता भाजण्याइतका तापतो.

खात्रीसाठी नोझलचा नट सैल करण्याची चाचणी करावी. ट्रॅक्टर मोकळ्या जागेत उभा करावा, बंद शेडमध्ये नको. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि पी.टी.ओ. बंद असावा. उपरण्याचे किंवा ओढणीचे टोक लोंबत नसावे. डोळ्यांना चष्मा लावावा. रेस मंद गतीपेक्षा किंचित वाढवावी. मग पहिल्या सिलिंडरच्या नोझलवर येणाऱ्या जाड नळीचा नट, त्यावर फडके टाकून, पान्याने हळूहळू सैल करावा. डिझेल झिरपू लागले की तेवढ्यावरच थांबावे. आता त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही. आवाज बदलला आणि इंजिन आणखी लंगडू लागले, तर तो सिलिंडर काम करीत होता. नट आवळून पुढच्याकडे जावे. ज्याचा नट सैल करूनही आवाजात काहीच फरक पडत नाही, तो दोषी.

या चाचणीत एक गोष्ट जिवावरची आहे. त्या नळीतल्या डिझेलचा दाब शेकडो किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. बारीक धार बोटावर लागली तर ती कातडी भेदून आत शिरते. वरून सुई टोचल्याएवढीच खूण दिसते आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही, म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो. आत मात्र डिझेल मांसात पसरते. बोट, प्रसंगी हात गमावण्याची वेळ येते. असे झाल्यास तासाभराचीही वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांना "दाबाखालचे डिझेल आत गेले आहे" असे स्पष्ट सांगावे. उघडे नोझल चालवून फवारा तळहातावर घेऊन दाखवणारे काही मिस्त्री मी पाहिले आहेत. त्यांचे अनुकरण कोणी करू नये.

दोषी सिलिंडर सापडला की पुढची पायरी अदलाबदलीची. इंजिन बंद करून, भोवतालची माती फुंकून-पुसून, दोषी सिलिंडरचे नोझल होल्डरसह काढावे आणि शेजारच्या चांगल्या सिलिंडरच्या नोझलशी बदलावे. पुन्हा नट सैल करण्याची चाचणी करावी. दोष नोझलबरोबर दुसऱ्या सिलिंडरमध्ये गेला तर नोझल खराब आहे. दोष जागच्या जागीच राहिला तर नोझल निर्दोष आहे. एक रुपयाचाही भाग विकत न घेता मिळालेले हे उत्तर आहे, आणि याच्यापुढे कोणाच्या अंदाजाला किंमत राहत नाही.

नोझल काढतानाच त्याच्या तळाचे तांब्याचे वॉशर पाहावे. वॉशरभोवती काजळी जमली असेल आणि इंजिन चालताना तेथून 'चफ-चफ' असा आवाज येत असेल, तर दाब तेथूनच निसटतो आहे. चालू इंजिनावर नोझलच्या बुडाशी थोडे तेल सोडले तर बुडबुडेही दिसतात. जुने वॉशर भोकातच चिकटून राहते आणि त्यावर नवे बसविले जाते, ही चूक सर्रास होते. दोन वॉशरांमुळे नोझल वर उचलले जाते, फवारा योग्य जागी पडत नाही आणि इंजिन पांढरा धूर ओकू लागते. एका गावात नोझल दुरुस्तीनंतर अडखळू लागलेला ट्रॅक्टर बोअरसाठी शहरात न्यायची तयारी झाली होती. ट्रॉलीसुद्धा ठरली होती. मधल्या नोझलच्या भोकातून तारेच्या आकड्याने जुने वॉशर निघाले आणि त्याच दुपारी तो ट्रॅक्टर पाळी घालू लागला. वॉशरची किंमत चहाच्या पैशांएवढी. म्हणून नोझल काढल्यावर भोकात बॅटरीचा उजेड टाकून पाहण्याची सवय लावावी, आणि बसविताना वॉशर नवेच घालावे.

खराब नोझल पंपाच्या दुकानात दाबयंत्रावर तपासून घ्यावे. साध्या इंजिनांत नोझल उघडण्याचा दाब साधारण १७५ ते २५० कि.ग्रॅ. प्रति चौ.सें.मी. असतो. नेमका आकडा आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत असतो आणि तोच खरा मानावा. फवारा धुक्यासारखा असावा, धार नसावी, आणि फवारा थांबल्यावर टोकाला थेंब लोंबू नये. नोझलची भोके घरी सुईने किंवा तारेने कोरू नयेत. केसाएवढे भोक एकदा मोठे झाले की ते पुन्हा लहान होत नाही.

नोझल चांगले, वॉशर चांगले, तरी सिलिंडर मेलेलाच असेल तर त्या सिलिंडरला पंपाकडून डिझेल पुरेसे येते का ते पाहावे. स्टॉप आत ठेवून, सर्व नळ्यांची नोझलकडची टोके सोडून ती सारख्या बाटल्यांत धरली आणि स्टार्टर मारला, तर कमी-अधिक डिझेल डोळ्यांना दिसते. एका नळीचे डिझेल स्पष्टपणे कमी असेल तर पंपाचे एलिमेंट किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बिघडले आहे. पंपाचे सील मात्र तोडू नये. ते काम चाचणीबाकावरच होते.

डिझेलही बरोबर येत असेल तर राहिला दाब. येथेही लगेच बोअरचे नाव काढू नये. आधी टॅपेटचे अंतर फीलर गेजने तपासावे. ते बहुतेक इंजिनांत मिलिमीटरच्या पाव ते दोन पंचमांश भागाएवढे, म्हणजे ०.२५ ते ०.४० मि.मी. असते. इंजिन थंड असताना मोजावे की गरम असताना, हे पुस्तिकेत पाहावे. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजत खाली जातो तसे हे अंतर वाढत नाही, उलट कमी होते. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. टॅपेट खडखडले की आपण घाबरतो, पण अगदीच मुका झालेला टॅपेट अधिक घातक असतो. पाना आणि स्क्रूड्रायव्हरने होणारे हे काम वेळेवर केले तर हेड उतरवण्याची पाळी टळते.

शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच मेले असतील तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट उडाले असावे. थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून इंजिन सुरू करावे. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर संशय पक्का होतो. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आणि ब्रीदरमधून धूर जोराने फुंकला जात असेल, निळा धूर येत असेल, तेल सारखे घालावे लागत असेल, थंडीत इंजिन सुरू व्हायला कुरकुर करीत असेल, अशी सर्व लक्षणे एकत्र असतील, तरच रिंगा आणि लायनर झिजल्याचे मानावे. मिस्त्रीकडे दाब मोजण्याचे मीटर असेल तर अधिक उत्तम. मात्र ते डिझेल इंजिनाचे असावे. पेट्रोल गाडीचे मीटर इतक्या दाबाला पुरत नाही.

काही बंधूंनी पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीबद्दल विचारले आहे. तेथे तत्त्व तेच, फक्त फवाऱ्याच्या जागी ठिणगीचा विचार आधी करावयाचा. प्लग बाहेर काढून पाहावा. ओला असेल तर त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल येते पण पेटत नाही. प्लग आणि कॉइल शेजारच्या सिलिंडरशी बदलून दोष बरोबर जातो का ते पाहावे. नव्या गाडीत इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो महागडा भाग जळून जातो.

आता नव्या ट्रॅक्टरबद्दल. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे ट्रेम-४ हे कडक नियम लागू झाले आहेत. त्यामुळे या गटातल्या अनेक ट्रॅक्टरवर कॉमन रेल प्रणाली आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले आहे. कॉमन रेलमध्ये दाब हजार किलोच्याही पुढे जातो आणि तो सतत टिकून असतो. त्या इंजिनावर चालू स्थितीत नट सैल करण्याची चाचणी कदापि करू नये. तेथे फिल्टर, पाणी, एअर क्लीनर आणि बॅटरीच्या तारांचे जोड एवढेच आपण पाहावे. पुढचे काम संगणकाचे. डॅशबोर्डवर दिवा लागला असेल तर विक्रेत्याच्या माणसाने संगणक जोडल्यावर दोषाचा क्रमांक विचारून वहीत लिहून घ्यावा.

इतके करूनही इंजिन खोलण्याची वेळ आलीच, तर कोणता सिलिंडर मेला आहे, नोझल बदलल्यावर काय झाले, टॅपेटचे अंतर किती मिळाले, हे कागदावर लिहून मिस्त्रीच्या हातात द्यावे. काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत. पंप व नोझलची चाचणी झाल्यावर प्रत्येक नोझलचा दाब आणि पंपाने प्रत्येक नळीला दिलेले डिझेल किती भरले, हे आकडे लिहिलेली चिठ्ठी मागावी आणि ती ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतच ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी ती जुळवून पाहता येईल.